जुन्नरला नेलेले नारळ

सत्कार केल्याशिवाय माणसाला घरी जाऊ देऊ नये, असं मानणारा माझ्या मेहुण्यासारखा दुसरा माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात सापडायचा नाही. घोडेगावात त्याचा मंडप-स्पीकरचा धंदा आहे आणि खांद्याला कायम नारळांची पिशवी. खांबावरून उतरणाऱ्या वायरमनला त्यानं खालीच गाठून नारळ दिला. दाढ काढणाऱ्या डॉक्टरांचा सत्कार तर तोंडात कापूस असतानाच केला. भाषणातलं एक अक्षरही कळलं नाही, तरी बाकड्यावरच्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या.

आमच्या गावच्या मुलींच्या फुटबॉल टीमचा जुन्नरला सामना होता, तेव्हा पोरींच्या आधी हाच जीपमध्ये जाऊन बसला. माझी लेक गोलकीपर. आधीच्या सामन्यात तिनं पाच गोल खाल्ले होते. "पप्पा, आज हारलो तर मी खेळायचं सोडनार," ती वाटेत म्हणाली. मेहुणा मागं नारळ पुसत होता.

हरलोच, दोन-शून्य. लेक तडक जीपमध्ये शिरली, मागोमाग मीही जाऊन बसलो, तर हातमोजे काढून तिनं माझ्या मांडीवर टाकले. बाहेर मेहुण्याचा माईक सुरू. धावून दमलेलीला नारळ, पडून उठलेलीला नारळ, चेंडूला पाय न लागताही शेवटपर्यंत ओरडत राहिलेलीलाही नारळ. एकच उरला. आता हा जीपकडे येणार, असं मला वाटलं. तर पठ्ठ्या सरळ गेला दोन्ही गोल करणाऱ्या जुन्नरच्या पोरीकडे! मला असा राग आला! तिच्या हातात नारळ देऊन तो म्हणाला, "ताई, दोन शब्द बोला."

पोरगी गांगरली. "गोल दोनच झाले, पन मी आठ बारी बॉल मारला व्हता. सहा बारी तुमच्या गोलकीपरनं धरला. लई भारी हाय ती. ह्यो नारळ तिलाच द्या."

तो नारळ घेऊन तीच जीपपाशी आली. लेक खाली उतरली. मी मेहुण्याकडे पाहिलं.

"मी दिला असता दाजी, तर 'मामानं दिला' म्हनली असती," तो म्हणाला आणि पिशवीची घडी घालू लागला.

तो नारळ आमच्या कपाटावर हातमोज्यांशेजारी आहे. आता खुळखुळतो, तरी ती कुणाला फोडू देत नाही. रविवारी जुन्नरची टीम आमच्याकडे येतेय. "मामा, तिच्यासाठी नारळ मी आनलाय," लेकीनं काल बजावलं, "पन ह्या बारीला तिला एकबी गोल करू देनार न्हाई."

मेहुणा खूश. या माणसाचा स्वतःचा सत्कार मात्र आजवर कुणी केलेला नाही, हे मला तेव्हा जाणवलं. मी गुपचूप टॉवेल-टोपी आणून ठेवलीय. फक्त माईक हातात आल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटेल की नाही, याचीच धास्ती आहे.