लिनक्सवर दिसलेली रोशनीची शर्यत

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. आपण दुसरंच काहीतरी करायला बसलेलो असतो, ते काही होत नाही, आणि न होता होता एकेक किस्सा मागे पडत जातो! मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरच्या आमच्या शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते. त्या आठवड्यात आम्हाला फक्त एक व्हिडिओ चालवायचा होता. एकच! त्यातून एवढे किस्से झाले की अजूनही स्टाफरूममध्ये चहा आला की कोणीतरी म्हणतंच, "पाटील मॅडम, तो परमिशनवाला सांगा ना."

आधी कारण सांगते. आमचे शिपाई सुपडूभाऊ जवळच्या दापोरा गावचे. त्यांची रोशनी अकरावीत, आणि पोहत पोहत थेट नॅशनलला पोचलेली. शनिवारी सकाळी दहाला तिची दोनशे मीटरची शर्यत होती, आणि ती लाइव्ह दाखवणार होती फक्त एक साइट. फोन काय, सगळ्यांकडे होते. पण भाऊंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं.

"फोनात मले मुंग्या दिसतात मॅडम, पोरगी नई दिसत," भाऊ म्हणाले. "भिंतीवर मोठी करून दाखवता येईन का?"

प्रोजेक्टर होता. त्याला जोडलेला कॉम्प्युटरही होता, पण तो इतका म्हातारा की नवीन विंडोज त्याला झेपेना, म्हणून मी त्यात लिनक्स टाकलेलं. त्याच्यावर मार्कशीट, प्रश्नपत्रिका सगळं छान व्हायचं. व्हिडिओ कधी लावून पाहिलाच नव्हता. तरी मी म्हटलं, "त्यात काय भाऊ, येईल की!"

भाऊंनी त्याच संध्याकाळी अख्ख्या दापोऱ्याला सांगून टाकलं.

*

मंगळवारी बसले. जी साइट उघडावी ती म्हणे, "कनेक्शन सुरक्षित नाही." आमचे सायन्सचे महाजन सर आले, त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि व्हायरस जाहीर केला. मी केबल बदलली, राउटर तीनदा बंद-चालू केला. काही नाही!

तेवढ्यात आमच्या हेडक्लार्क वाणीबाई जावक रजिस्टरवर सही घ्यायला आल्या. उभ्या उभ्याच त्यांनी स्क्रीनच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "याची तारीख चुकली आहे."

खरंच की! आतला घड्याळाचा सेल मेलेला, आणि कॉम्प्युटर कितीतरी वर्षं मागे जाऊन बसलेला. महाजन सर म्हणाले, "पण बाई, तारखेचा न् व्हिडिओचा काय संबंध?"

"जन्मभर टपाल पाहिलं सर. तारीख चुकली की कागद पुढे जात नाही."

मी तारीख नीट केली. साइट पटकन उघडली! साइटच्या प्रमाणपत्राची मुदत कॉम्प्युटर स्वतःच्या तारखेवरून तपासतो, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते. शिकवते मी, आणि दिसलं वाणीबाईंना.

*

बुधवारी कळलं की व्हिडिओ उलगडणारं सॉफ्टवेअरच मशीनमध्ये नाही. ते टाकायची कमांड मी लिहिली, मशीनने पासवर्ड मागितला, आणि नेमकी घंटा झाली. पासवर्डची चिठ्ठी महाजन सरांच्या हातात देऊन मी सातवीच्या वर्गावर गेले.

परत येऊन पाहते तर टेबलावर तीन कीबोर्ड उलटे पडलेले आणि सुपडूभाऊ चौथा घेऊन येताहेत, मोठ्या मॅडमच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या केबिनमधला!

"सगळे खराब आहेत मॅडम," सर घामाघूम. "एकही अक्षर उमटत नाही."

आता लिनक्समध्ये पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच दिसत नाही. अक्षर नाही, साधा ठिपका नाही. हे मी सांगायला तोंड उघडणार, तोच वाणीबाई खुर्चीवर बसल्या. चिठ्ठी डाव्या हाताला ठेवली. नजर चिठ्ठीवर, बोटं कीबोर्डवर, टक टक टक, एंटर! आणि स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या.

"अहो बाई, काही उमटत नव्हतं ना!" सर म्हणाले.

"मी कुठे पाहिलं?" बाई म्हणाल्या. नोकरीच्या आधी त्या टायपिंग क्लासमध्ये शिकवायच्या. "टाइप करताना वर बघणाऱ्याला मी नापास करायचे."

महाजन सरांनी चारही कीबोर्ड मुकाट्याने जागेवर नेऊन ठेवले.

*

आता तो परमिशनवाला.

सॉफ्टवेअर बसलं, साइट उघडली, आणि ब्राउझरच्या डोक्यावर एक पट्टी आली. हा व्हिडिओ संरक्षित आहे, चालवायची परवानगी देता का, अशी इंग्रजीत. खाली एक बटण. मी माऊस नेला, तर महाजन सरांनी माझा हातच धरला!

"थांबा! परवानगी मागतंय ते. तुम्ही कोण देणार? कॉम्प्युटर शाळेचा आहे!"

मी खूप समजावलं. पण आमच्या शाळेत पंखा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर न्यायचा तरी अर्ज लागतो. सरांनी अर्ज लिहिला, वाणीबाईंनी नंबर टाकला. मोठ्या मॅडम गुरुवारभर मीटिंगला. भाऊ दर तासाला दारात येऊन विचारत, "झालं का मॅडम?" त्यांचा चेहरा पाहून मला गलबलून यायचं.

शुक्रवारी दुपारी कागद आला. गोल शिक्का, हिंदीत शेरा: "अनुमति प्रदान की जाती है." मी धावतच कॉम्प्युटरकडे गेले.

"पुढचं वाचा," सर म्हणाले.

पुढे होतं: "केवल शनिवार हेतु."

"आज शुक्रवार आहे मॅडम!"

*

शनिवारी नऊ वाजता दापोऱ्याहून केळीच्या गाडीत बसून पंचवीसेक माणसं आली. सतरंजी भरली. सरांनी कागद मॉनिटरला टेकवून ठेवला आणि म्हणाले, "आता दाबा."

दाबलं. ब्राउझरने काहीतरी उतरवून घेतलं, पान हललं, आणि अख्खी भिंत निळी झाली. पाणी! सगळे एकदम "हाऽऽ" म्हणाले. मी तर म्हटलंच म्हटलं.

पण आवाज नव्हता. मी टेबलावरच्या स्पीकरशी झटापट करत होते, तेवढ्यात छतातून भारदस्त आवाज आला! दापोऱ्याच्या एका काकूंनी वर बघून चक्क हात जोडले. लिनक्सने आवाज छताला टांगलेल्या प्रोजेक्टरकडे पाठवला होता. त्याच्या पोटात स्पीकर आहे हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

"राहू द्या मॅडम," भाऊ म्हणाले. "वरून चांगला येते."

*

दहा वाजले. पाचव्या लेनमध्ये रोशनी. भाऊ भिंतीपासून हातभर अंतरावर बसलेले, भिंतीवरची पोरगी त्यांच्याएवढीच मोठी दिसत होती. शिट्टी झाली, आठ जणी पाण्यात पडल्या. पहिल्या पन्नासला रोशनी सहावी. शंभरला पाचवी. दीडशेला चौथी! दापोरा नुसतं ओरडत होतं. तिने वळण घेतलं, भिंतीला पाय मारला, आणि चित्र थांबलं.

मधोमध ते गोल चाक फिरायला लागलं. आवाजही गेला. मी माऊस हलवत होते. महाजन सर परवानगीचा कागद पुन्हा पुन्हा सरळ करत होते. मागून कोणी म्हणालं, "शर्यत गेली ना!" मला रडूच आलं. एवढं सगळं करून शेवटच्या पन्नास मीटरला!

सुपडूभाऊंनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी डोळे मिटले होते. उजवा हात हवेत पुढे गेला, मागे आला. मग डावा. मग उजवा. ओठ हलत होते, पोरीचे हात मोजत होते. हात चालत राहिले, जरा जोरात, आणखी जोरात. मग भाऊंनी उजवा तळवा पुढे नेऊन भिंतीवर टेकवला.

"दुसरी आली," ते म्हणाले.

चाक आणखी थोडं फिरलं, चित्राने एकदम उडी मारली. काठाला धरून रोशनी धापा टाकत होती आणि वर बोर्डवर दुसरं नाव तिचं होतं!

मग जो गलका झाला तो विचारू नका. त्यात महाजन सर कसेबसे भाऊंपर्यंत पोचले.

"भाऊ, चित्र तर बंद पडलं होतं! तुम्हाला कळलं कसं?"

भाऊंनी गमछ्याने डोळे पुसले.

"चित्र बंद पडलं होतं सर. पोरगी थोडीच बंद पडली होती!"