बापाकडून आलेलं

मस्कतच्या दवाखान्यात मी कितीतरी वर्षं नर्स होते. शेवटी शेवटी आनुवंशिक तपासणीच्या खोलीत रक्त काढायचं काम माझ्याकडे होतं. आईला किंवा बहिणीला स्तनाचा, अंडाशयाचा कर्करोग झालेल्या अरब बायका तिथे यायच्या. घराण्यातून उतरणारा जनुकातला दोष आपल्यातही आहे का, ते रक्तावरून कळायचं. सुईला त्या भीत नसत. भीत त्या घरच्यांना. एकीने तर माझा हात धरून विनवलं, माझ्या भावाला कळवू नका. चुलत घरातच लग्नं होतात, माझा रिपोर्ट वाईट निघाला तर घराण्यातल्या सगळ्या मुली लग्नावाचून बसतील. मला तिची कीव आली. आमच्याकडे असं नसतं, असंही मनात म्हणून घेतलं. घरोघरी मातीच्या चुली, हे तेव्हा सुचलं नाही.

नोकरी संपवून बुऱ्हाणपूरला आले आणि तिथल्या बुधवारा पेठेत दोन खोल्या घेतल्या. पुढे आतेबहिणीच्या छातीत गाठ निघाली. आत्या पोटातल्या गाठीनेच गेली होती. बहिणीच्या तपासणीत तो दोष सापडला, म्हणून मीही रक्त दिलं. माझ्यातही निघाला. आत्याच्या घरात आणि माझ्यात तो असायचा, तर वाट एकच, आमचे वडील. मग तो माझ्या धाकट्या भावातही असू शकत होता, आणि त्याच्याकडून त्याच्या लेकीत.

भाऊ फोपनारला केळी करतो. मी गेले तेव्हा मळ्यात ट्रक भरणं चालू होतं. बाजूला घेऊन त्याला सगळं सांगितलं.

"बायांची बीमारी मला कशी होईन, ताई? अन् आत्या तं दुसऱ्या घरी दिलेली. तिच्या घरचं आपल्याकडे कसं येईन?"

"सासरी जाताना रक्त बदलून जातात का रे बाया?"

"हळू बोल! पोरीच्या रिश्त्याची बात चालू आहे. हे बाहेर गेलं तं कोन करीन तिला? तिच्यापाशी एक शब्द काढू नको. अन् थोडे दिवस इकडे येऊ बी नको."

वर त्याने पिशवीत केळ्यांची फणी घालून दिली. मी ती बसमध्येच शेजारच्या बाईला देऊन टाकली.

डॉक्टर म्हणाले, तुमच्या वयाला अंडाशय काढून टाकलेलं बरं. इंदूरला एकटीच दाखल झाले. सोबत कोण, असं विचारलं की माझा संताप व्हायचा. आयुष्यभर मी लोकांच्या उशाशी उभी राहिले आणि माझ्या उशाशी पाण्याची बाटली तेवढी होती. घरी आल्यावर अंगातून वाफा निघायच्या, घामाने पदर भिजायचा, आणि हे बोलायला माणूस नव्हतं. लग्न केलं नाही, तरी दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ मला माहेरपणाला न्यायचा. यंदा बोलावणं आलं नाही. मी हट्टाने एकटीसाठी पुरणपोळ्या केल्या, ताटावर बसले आणि रडले.

भर पावसाळ्यात आतेबहीण वारली. पावसाळा सरता सरता एका दुपारी भाऊ दारात उभा राहिला. वाळला होता. पाणी दिलं ते हातातच धरून बसला.

"आतेबहीण गेली तवापासून झोप नाही मला. शेवटी जांच करून आलो, ताई. मला बी आहे."

तुला सांगत होते ना, हे माझ्या जिभेवर आलं होतं. त्याच्याकडे बघून गिळलं.

"पोरीला?"

"तिला काहीच मालूम नाही. चार वेळा तोंड उघडलं, जमलंच नाही." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बारशाला तिच्या कानात नाव तूच सांगितलं होतं, ताई. हे बी तूच सांग."

इतके महिने मी याच हक्कासाठी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. आता तो मिळाला, तर पहिला शब्द कोणता काढू, तेच मला कळेना.