काकड आरतीला संध्याकाळी

देवावर रागावणं मला शोभत नाही, पण गेल्या कार्तिकात मी रागावलो होतो खरा. आमच्या डोंबिवलीच्या गल्लीच्या टोकाला दत्ताचं छोटं देऊळ आहे. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर तिथे उजाडता उजाडता, सहाला, देवाला झोपेतून उठवणारी काकड आरती होते. वीस वर्षं मी तिथे टाळ वाजवला. थंडी असो, ताप असो, एकही सकाळ चुकवली नाही आणि ही फुशारकी भेटेल त्याला ऐकवली. मग आषाढात मेंदूत गुठळी झाली आणि डाव्या हातापायातली ताकद गेली.

हात दुबळा झाला याचं दुःख होतंच, पण खरा छळ झोपेने मांडला. रात्री डोळे टक्क उघडे आणि दिवसा मात्र खुर्चीत बसल्या बसल्या मान कलंडायची. हातात चहाचा कप असताना मी झोपलोय. डॉक्टर म्हणाले, अशा आजारानंतर झोपेचं घड्याळ बिघडतं, दिवसा उजेडात बसा, हिंडा-फिरा, दुपारची झोप आवरा. पण हिंडणार कसा? बायको मला काही करूच देत नसे. शर्टाची बटणं ती लावी, घास ती भरवी. मायेनेच करायची बिचारी, आणि मीही मुकाट्याने करून घ्यायचो. कारखान्यात चाळीस वर्षं लेथ चालवलेला माणूस मी, पण चार महिन्यांत घरातलं एक बोचकं झालो होतो.

कोजागिरी झाली, काकड आरती सुरू झाली. रात्रभर जागून पहाटे पहाटे मला डोळा लागायचा आणि जाग यायची ती नऊला. बायकोला कितीदा सांगितलं, उठव मला. ती म्हणायची, "झोप लागलीय तर झोपा हो, देव काही पळून जात नाही." असा पंधरवडा गेला. एके दिवशी दुपारी भिंतीवरच्या तसबिरीकडे बघून मी अगदी मोठ्याने म्हणालो, "वीस वर्षं तुला उठवायला आलो. एकदा तू मला उठव की!" आणि तसाच झोपी गेलो.

दचकून जाग आली तेव्हा खोलीत अंधुक उजेड होता. घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ही मला न उठवता एकटीच काकड आरतीला गेली! रागाच्या भरात मी तोंडावर पाणी मारलं, खुंटीवरचा सदरा ओढला आणि एका हाताने बटणं लावली. वरची दोन चुकीच्या काजात गेली, पण लागली. काठी काखेत मारून दुसऱ्या मजल्यावरून निघालो. कठडा उजव्या हाताला होता, त्याला धरून एकेक पायरी उतरलो. हे सगळं मी चार महिन्यांत पहिल्यांदा एकटा करतोय, हे तेव्हा ध्यानातही आलं नाही. डोक्यात एकच, आरती संपायच्या आत पोचायचं.

देवळात टाळ नव्हते. ओळखीच्या तीन-चार बायका कापसाच्या ढिगाभोवती बसून त्रिपुरी पौर्णिमेच्या दिव्यांसाठी वाती वळत होत्या. मी धापा टाकत विचारलं, "काकड झाली?"

कोणीतरी फिसकन हसलं. पण त्यांच्यात एक अनोळखी बाई होती, पन्नाशीची, खांद्यावर पदर घेतलेली. ती हसली नाही. म्हणाली, "काकड सकाळी, काका. आत्ता संध्याकाळ आहे. पण बरं झालं आलात, हात कमी पडतायत. बसा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "माझा डावा हात कामाचा नाही हो."

"नुसता पसरून ठेवा. वळायचं काम उजवा करेल," असं म्हणत तिने माझ्या डाव्या तळहातावर कापूस ठेवलासुद्धा. तिच्या आवाजात कीव नव्हती. कामाला लावणाऱ्या माणसाचा आवाज मला कारखान्यातून ओळखीचा आहे. मी बसलो. पहिली वात खारकेएवढी झाली. दहाव्या वातीला डावी बोटं जरा जरा कापूस धरू लागली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

तासाभराने बायको भाजीच्या पिशवीसकट धावत आली. भाजी घेऊन घरी परतली तर घर रिकामं! तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अहो, कोणी आणलं तुम्हाला?" मी सदऱ्याची वाकडी बटणं दाखवली आणि म्हणालो, "कोणी नाही. मीच आलो." तिला रडावं की हसावं कळेना. एवढा तोरा मी आयुष्यात कधी मिरवला नव्हता.

ती अनोळखी बाई टिटवाळ्याहून बहिणीकडे आली होती म्हणे. कुठली बहीण, ते कोणालाच नीट सांगता आलं नाही. पुन्हा ती दिसली नाही. तिचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

त्यानंतर रोज दुपारी मी वाती वळायला जाऊ लागलो. दिवसाची झोप हळूहळू कमी झाली, रात्रीची परत आली. पौर्णिमेला पहाटे मी आपला आपण उठलो आणि काकड आरतीला उभा राहिलो. डाव्या हातातला टाळ नीट वाजला नाही, बद्द वाजला, पण वाजला. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा माझ्या जाडजूड वातींच्या ज्योती सगळ्यांत मोठ्या होत्या. शेजारीण म्हणाली, "काका, तेल फार पितात हो तुमच्या!" मी छाती फुगवून म्हणालो, "पिऊ देत."

उठव म्हटल्यावर देवाने उठवलं. वेळ मात्र त्याची होती, माझी नव्हती. त्या पहिल्या संध्याकाळी बायकोबरोबर घरी परतताना आणखी एक गोष्ट कळली होती. उतरताना उजवीकडे असणारा कठडा चढताना डावीकडे येतो, आणि तो धरायला माझ्याकडे हात नव्हता. तोरा पहिल्या पायरीशीच उतरला. मी बायकोच्या खांद्यावर उजवा हात ठेवला. भाजीची पिशवी मात्र हट्टाने डाव्या मनगटात अडकवून घेतली, आणि आम्ही दोघं वर चढलो.