पहिल्या जॉबचा चहा

मैत्रिणींनो, आपलं फिरतं पत्र आज माझ्याकडे आलं, तर आधी तुम्हालाच विचारते. कॉम्प्युटरच्या हुकमावर कातलेला शाफ्ट, म्हणजे यंत्रातला फिरता लोखंडी दांडा, कोणाचा म्हणायचा?

आमच्या हिंगण्याच्या कारखान्यात काचेच्या खोलीत दोन नवीन मशीन आहेत. लेथ गोल भाग कातते, मिलिंग मशीन खाचा पाडते. दोन्ही मी कॉम्प्युटरमध्ये लिहिलेल्या आकड्यांवर चालतात. आज सकाळी माझा पहिला शाफ्ट तपासणीत पास झाला.

बाहेर हाताने चालवायच्या लेथची रांग आहे. तिथे नव्या कामगाराचा पहिला पास झालेला जॉब, म्हणजे त्याने कातलेला भाग, सगळ्यांच्या हातांतून फिरतो आणि तो कामगार सगळ्यांना चहा पाजतो. माझा शाफ्ट मात्र टेबलावरच पडून राहिला. कोणी चहाही मागितला नाही.

दुपारी मीच बाहेर गेले. रांगेतल्या सर्वांत जुन्या टर्नरकाकांना विचारलं, "काका, चहा सांगू?"

"तुम्ही काहून पाजून राहिल्या वं म्याडम? मशीनीनं केलं ना, मग तिलेच पाजू द्या!"

सगळे हसले. मीही हसले आणि काचेआड येऊन एकटीने डबा खाल्ला.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. तिकडे गावी, कुहीला, आईला वाटतं, लेक एवढ्या माणसांत काम करते.

तुम्ही काय केलं असतं? मी शिफ्ट सुटायच्या आधी कॅन्टीनमध्ये अख्ख्या रांगेचा चहा सांगितला आणि शाफ्ट नेऊन काकांच्या हातात दिला.