घोट्याची पट्टी आणि एकोणतीसचा पाढा

आमच्या महाल वस्तीतल्या कबड्डी संघातले चार म्हातारे एकत्र बसले की आधी गुडघे, मग रक्तदाब आणि मग हमखास वामनराव निघतात. दरवर्षी आमचे दात कमी होतात आणि वामनरावांचे किस्से वाढतात!

हे वामनराव एका दवाखान्यात कंपाउंडर. सत्तर-बहात्तरच्या काळात ताणणाऱ्या चिकटपट्टीनं आमचे घोटे तेच बांधायचे. पट्टी लावली की परीक्षा. डोळे मिटायचे, त्याच पायावर उभं राहायचं आणि एकोणतीसचा पाढा म्हणायचा. दाहेपर्यंत तोल गेला नाही तर मैदानात, नाहीतर बाकावर!

आमचा नामदेव, कोपऱ्यावरचा दांडगा गडी, पहिल्याच दिवशी खांबासारखा उभा राहिला. पण 'एकोणतीस चोक'वर अडकला तो अडकलाच. पाच मिनिटं एका पायावर! शेवटी वामनरावच कंटाळले.

"जा, खेळ. पाय ठणठणीत आहे तुहा. डोकंच लंगडं आहे!"

*

एकदा वामनराव आले नव्हते, म्हणून मी स्वतःच पट्टी लावली. इलास्टिक आहे म्हणजे जितकं ताणावं तितकं चांगलं, अशी माझी समजूत. अर्ध्या तासात बोटं निळी! तेवढ्यात वामनराव पोचले आणि त्यांनी कात्रीनं पट्टी कापली.

"काहून बे, घोट्याले आधार द्याचा असते. फाशी नाही!"

*

नामदेव मैदानात तिघांना एकटा अडवायचा. पण पट्टी सोलताना पायाचे केस निघाले की असा ओरडायचा की समोरच्या घरातल्या काकू धावत यायच्या.

"काय करून राहिले जी त्या लेकराले?"

"लेकराच्या पायाले एवढे केस असतात का, बाई?" वामनराव शांतपणे विचारायचे.

नवी पट्टी तेव्हा सहज मिळत नसे. त्यामुळे सोललेले तुकडेही ते बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवत. आम्ही त्यावरून त्यांना फार चिडवायचो.

*

प्रभाकर आमचा चढाईचा गडी. त्याच्या घरात कमावतं कोणीच नव्हतं. काटोलच्या फायनलला एका कारखान्याचे साहेब खेळाडू निवडायला येणार होते. ते त्याला आधीच म्हणाले होते, "शेवटपर्यंत खेळलास तर नोकरी पक्की." आणि नेमका पंधरा दिवस आधी त्याचा उजवा घोटा मुरगळला! डॉक्टरांनी पट्टी बांधून खेळायला परवानगी दिली, पण आम्ही खेळायचो अनवाणी. पट्टी दिसली की समोरचे तोच पाय धरणार.

फायनलच्या दिवशी वामनरावांनी प्रभाकरचा घोटा नव्या पट्टीनं बांधला. पाढा झाला, तोल टिकला. मग त्यांनी बिस्किटाचा डबा उघडला आणि जुन्या तुकड्यांनी आम्हा उरलेल्या सहा जणांचेही उजवे घोटे बांधून टाकले!

समोरचा कप्तान बघतच राहिला. "पुरी टीमच लंगडी आहे का बे?"

माझ्या पहिल्याच चढाईत त्यांनी माझा धडधाकट घोटा ओढला. मी मुद्दाम बोंब ठोकली. दुखरा गडी सापडला असं त्यांना वाटलं आणि पुढचा सगळा वेळ त्यांची माझ्यावरच मेहेरबानी!

शेवटची चढाई प्रभाकरची. गुण बरोबरीत. दोघांनी त्याचा डावा पाय पकडला आणि सगळा भार आला त्या बांधलेल्या घोट्यावर. तोंडात 'कबड्डी कबड्डी' चालूच. घोटा थरथरला, पण मुडपला नाही. त्यानं तसंच अंग पुढे झोकलं आणि बोटं मध्यरेषेला लागली. शिट्टी!

आम्ही नाचत वामनरावांकडे धावलो. ते मैदानाच्या कडेला डोळे घट्ट मिटून, एका पायावर उभे होते. ओठ हलत होते.

मी ओरडलो, "काका, जिंकलो! प्रभाकरचा पाय टिकला!"

"थांब ना गा," डोळे न उघडता ते म्हणाले. "दाहे राहिलं आहे अजून!"