सप्तपर्णीच्या फोडांसाठी बडोदे

बडोद्याहून वहिनीचा फोन आला, "सुमन, सोसायटीवाले रविवारी आपली सप्तपर्णी तोडणार आहेत. पानांवर फोड आलेत म्हणून." माझं डोकंच फिरलं. झाड दादाने लावलेलं. तो गेल्यापासून वहिनी त्याच सावलीत खुर्ची टाकून बसते. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आता फोडांवरून कुणाचं ऐकून घेणार नव्हते. कपाटातली एक जुनी वही पिशवीत टाकली आणि निघाले.

जळगावहून सुरत, तिथे गाडी बदलून बडोदे. आरक्षण आधी करा, शनिवारी गर्दी असते. स्टेशनवरून रिक्षा आधी खंडेराव मार्केटला नेली, कारण थंडीत तिथे तुरीचे ओले दाणे मिळतात. जवळच सेव-उसळ खाल्ली. तर्री वेगळी देतात, ती न घाबरता ओतायची.

झाड तीन मजले उंच, पानापानावर मुरमांसारखे हिरवे फोड. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी झाडाखाली पापड वाळवणंसुद्धा बंद केलं होतं.

रविवारी सकाळी सेक्रेटरीभाई आले, सोबत सावली गावाहून बोलावलेला झाडतोड्या. "बेन, आ तो चेपी रोग छे." म्हणजे साथीचा, बाकीच्या झाडांनाही लागणार म्हणे. मी पिनेने एक फोड उघडला आणि भिंगातून आतलं इवलंसं पिल्लू दाखवलं. "किडा अंडी घालतो, पान त्याच्याभोवती फुगतं. झाड मरत नाही."

"तो दवा मारो."

"औषध कशाला?" म्हणत मी वही उघडली. वर्गात दाखवायला याच झाडाचं एक पान मी सत्तावीस वर्षांपूर्वी नेलं होतं. दादा चांगलं पान देत होता, मी हट्टाने फोडवालं तोडलं होतं. वहीत दाबून चपटं झालेलं, पण फोड जागच्या जागी. खाली माझं अक्षर: बडोदे, दादाचं अंगण.

"तेव्हापासून रोग आहे, तर झाड एवढं वाढलं कसं?"

झाडतोड्याने वही हातात घेऊन नीट पाहिली. "अमारे गाममां पण आवुं ज होय छे," त्यांच्या गावातही असंच असतं म्हणाला आणि कुऱ्हाड टेम्पोत ठेवून आला.

सेक्रेटरीभाईंच्या तोंडून शेवटी खरं निघालं. "पण पार्किंगनुं शुं?"

वहिनी खुर्ची खोडाला टेकवून बसली. "गाडी माझ्या मांडीवर लावा, भाई."

मी घरी परतले. झाड तोडायचा सोसायटीचा ठराव रद्द झालेला नाही, पावसाळ्यानंतर पुन्हा बघू म्हणालेत. बघू देत. येताना आणलेलं ताजं फोडवालं पान जुन्याशेजारी चिकटवलं. वहीच्या त्याच पानावर तिसऱ्यासाठी जागा सोडली आहे, ते आणायला मीच जाणार आहे.