दोन पावलं मागं

भिंगारच्या छावणीतले बंगले रंगवणाऱ्या भीमाला एका रिटायर साहेबानं जुनी कॅसेट देऊन टाकली, ती ब्याण्णव साली. विलायतेतल्या चार पोरांच्या बँडची होती, त्यांच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतली. भीमाला इंग्रजीतलं ओ का ठो कळत नव्हतं. पण भीमगीतं गाणाऱ्या महेंद्रच्या गायन पार्टीत पंधरा वर्षं त्याचीच ढोलकी. ड्रमवाला पोरगा कुठं थांबतो, ते त्याच्या बोटांना पहिल्याच गाण्यात कळलं.

"उगं बडवत न्हाई त्यो," तो बायकोला, मालनबाईला सांगायचा. "गानाराला श्वासापुरती जागा ठिवतो."

"मंग तुमी बी शिका की. महेंद्रदादांच्या गान्यात तुमचीच ढोलकी लई वर."

साहेबानं त्याला एक गोष्ट सांगितली होती. पोरांनी सगळी गाणी एका दिवसात म्हटली, शेवटच्या गाण्यापर्यंत गाणाऱ्याचा गळा फाटला, तरी तेच ठेवलं. भीमाला ते शेवटचं गाणंच सगळ्यात आवडायचं. बाकीची गाणी भांग पाडून लग्नाला निघालेल्या पोरांसारखी. हे मात्र उन्हातनं चालत आलेलं, घामेजलेलं.

महेंद्रचा गळा फाटणारा नव्हता. भीमजयंतीच्या दिवसांत नेवासा, शेवगावकडच्या गावागावांत पार्टी फिरायची आणि लाईट गेली तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द न् शब्द ऐकू यायचा. म्हणून पार्टीचा शिरस्ताच होता. माईक एकच असला तर तो ढोलकीपुढं. महेंद्र दोन पावलं मागं. कॅसेट काढायचा विषय निघाला की तो उडवून लावायचा.

"घरोघर कॅसेट वाजाया लागल्यावर आपल्याला बोलावंल कोन?"

पंच्याण्णवच्या थंडीत त्याचा आवाज बसला तो बसलाच. तंबाखूनं डाव साधला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी घशातली गाठ कॅन्सरची असल्याचं सांगितलं. आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. सोमवारी ऑपरेशन. शनिवारी दुपारी भीमा ढोलकी, टेपरेकॉर्डर, एक कोरी कॅसेट आणि साहेबाची ती जुनी कॅसेट घेऊन त्याच्या घरी गेला.

"दादा, एक गानं म्हन. भरून ठिवू."

"असल्या गळ्यानं? कावळं हसत्याल, भिम्या." महेंद्रचा आवाज खरवडल्यागत यायचा. "बरा झाल्यावर म्हनतो की."

बरं झाल्यावर म्हणायला काय उरणार, ते दोघांनाही ठाऊक होतं. भीमानं वाद घातला नाही. त्या पोरांचं शेवटचं गाणं लावलं.

महेंद्रनं डोळे मिटून ऐकलं. "परत लाव," म्हणाला. दुसऱ्यांदा ऐकून म्हणाला, "ह्येचा बी गेलाय की. तंबाखू खातो का काय?"

"तरी सोडलं न्हाई बघ त्यानं."

"न्हाई सोडलं बेट्यानं." जरा वेळानं तो उठला. "घे ढोलकी."

त्याची आई छप्पन साली दीक्षेला नागपूरला गेली होती, त्या प्रवासाचं गाणं त्यानं स्वतः बांधलेलं. तेच म्हटलं. भीमानं टेपरेकॉर्डर ढोलकीपुढं ठेवला, महेंद्र दाराशी उभा राहिला. दुसऱ्या कडव्यात आवाज चिरला, तिसऱ्यात नुसती हवा आली, तरी त्यानं गाणं शेवटाला नेलं. मग खाली बसून घोट घोट पाणी प्याला. तो इतका दमला होता, की कॅसेट लावून बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

ऑपरेशन झालं. गुरुवारी भीमानं घरी कॅसेट लावली. ढोलकी खणखणीत. तिच्या पार मागं, रानाच्या पल्याड कुणी हाक मारावी तसं काहीतरी. एक शब्द हाती लागेना. मालनबाईचा पिठातला हात थांबला. ढोलकीवरनं एरवी मारायची तो टोमणा तिनं त्या दिवशी मारला नाही.

महिन्यानं महेंद्र दवाखान्यातनं घरी आला, तसा भीमा ढोलकी, टेपरेकॉर्डर आणि दोन्ही कॅसेट घेऊन त्याच्याकडं गेला. गळ्याच्या भोकावर रुमाल, हातात पाटी. भीमाला बघून त्यानं लिहिलं, 'लाव.'

कॅसेट गुंतली म्हणून सांगावं, असं भीमाला वाटेत दहादा वाटून गेलं होतं. त्यानं लावली. महेंद्र वाकला, स्पीकरला कान लावून शेवटपर्यंत तसाच राहिला.

"माझी चूक, दादा. सवयीनं माझ्याम्होरं ठिवला."

महेंद्रनं पाटी मांडीवर ओढली. मग पेन्सिल चालली. 'मी बी सवयीनंच मागं हुबा ऱ्हायलो.' ते रुमालाच्या टोकानं पुसून त्यानं खाली लिहिलं, 'त्या पोराचं लाव.'

भीमानं लावलं. फाटका गळा घरभर झाला. महेंद्रचे ओठ हलू लागले; शब्द इंग्रजी नव्हते, आईच्या प्रवासाचे होते. ढोलकी भीमाच्या गुडघ्याशीच होती. तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिला.